डिलनचा वाटा

हार्लन स्टिल्टनरने प्रुइटची मान धरली आणि त्याचं डोकं टेबलावर आपटलं. चष्म्याचा चुरा झाला. दुसऱ्या दणक्याला नाकातून रक्ताची धार लागली.

"माझ्या पोराचे पैसे कुठेत?"

हार्लनचा मुलगा डिलन दोन वर्षांपूर्वी कोळसा खाणीतल्या स्फोटात गेला. त्याच्याबरोबर आणखी अकरा जण गेले. कंपनीने तडजोड केली, भरपाईची सगळी रक्कम एका निधीत भरली, आणि ती वाटायला न्यायालयाने वकील प्रुइटला नेमलं. अकरा घरांना आपापला वाटा मिळाला. हार्लनच्या घरी नुसती पत्रं येत राहिली: दावा तपासात आहे. त्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या वकिलाने असाच एक निधी जुगारात उडवला, अशी बातमी आज आली. हार्लनने पेपर भिरकावला आणि गाडी काढली.

"कशावर उधळलेस? होडी घेतलीस? बाई ठेवलीस?"

"न्यायाधीशांच्या सहीशिवाय... त्यातला एक डॉलर हलत नाही."

हार्लनने त्याचा उजवा पंजा ड्रॉवरमध्ये कोंबला आणि ड्रॉवर मांडीने धाडकन लोटला. बोटं कडाकडा मोडली. प्रुइट गुरासारखा ओरडला.

"आता डाव्या हाताने चेक लिही. बाप आहे मी त्याचा!"

साठी उलटलेला किडकिडीत माणूस. एका थपडेत रडेल, असं हार्लनला वाटलं होतं. पण प्रुइटने चेकबुकाला हात लावला नाही. तो रक्त थुंकला, आणि एक दातही.

"पैसे जागच्या जागी आहेत. पण ते तुझे नाहीत. डिलनला मुलगी आहे. तो गेल्यावर सहा महिन्यांनी झाली. शवविच्छेदनात ठेवलेल्या डिलनच्या रक्ताशी तिचं रक्त ताडून पाहिलं, निकाल आज सकाळी आला. त्याचीच आहे."

हार्लनची उगारलेली मूठ तशीच राहिली. नात! त्याच्या रक्ताचं कुणीतरी या जगात उरलं होतं.

"कुठंय ती? अरे, आजोबा आहे मी तिचा. पत्ता दे. हात जोडतो तुला."

"पत्ता द्यायचा नाही, असा न्यायाधीशांचा हुकूम आहे. तिच्या आईने मागून घेतला." प्रुइटने मोडका पंजा छातीशी धरला. "डिलननेच तिला बजावून ठेवलं होतं. पोर माझ्या बापाच्या हाती लागू देऊ नकोस म्हणून."