तोंडाशी ठेवलेली वीट

भट्टी फोडायला घेतली तेव्हा रामबाई सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. अठरा दिवस ती एका विटेची वाट पाहत होती.

त्या विटेवर तिच्या अंजूचं पाऊल उमटलेलं होतं. चार वर्षांची पोर ओल्या विटांच्या रांगेतून पळाली, तेव्हा विटा खराब केल्या म्हणून रामबाईनेच तिच्या पाठीत धपाटा घातला होता. पुढच्या आठवड्यात पोर तापाने गेली. फोटो एकही नव्हता. मागे राहिलं ते एवढंच.

कच्ची वीट म्हणजे शेवटी मातीच, एक सर आली की गेली. सिंदी मेघे गावावर अवकाळी ढग भरून आले, तशी रामबाई ती वीट पदराखाली घेऊन रूपरावाकडे आली. “भाऊ, इले भाजून द्या,” म्हणाली.

रूपराव भट्टी रचणारा. ठसा पडलेली वीट भट्टीत घालायची नाही, परत गाऱ्यात टाकायची, असा मालकाचा नियम होता. रूपरावाने तो मोडला, आणि मोडला तोही मन लावून. पोरीची वीट आहे, कुठे कच्ची राहायला नको, म्हणून त्याने ती भट्टीच्या अगदी तोंडाशी, सगळ्यात कडक आगीजवळ ठेवली. त्या जागी कधीकधी झामा होतो, विटा वितळून एकमेकींना चिकटतात, हे चाळीस भट्ट्या रचलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं थोडंच! पण मायेच्या भरात माणसाचं डोकं जागेवर राहत नाही.

आता पहारीने तोंडाकडची थप्पी सुटली आणि चार विटांचा एक गोळा बाहेर आला. काळानिळा, काचेसारखा चकाकणारा. रूपरावाने हातातली पहार टाकली.

“यातली कोनती?” रामबाईने विचारलं.

त्याने गोळ्याच्या एका कडेवर बोट ठेवलं. तिने तिथे हात फिरवला. परत फिरवला. एवढीशी पाच बोटं होती, त्यातलं एकही हाताला लागेना.

“मले वाटलं, चांगली पक्की होईन,” रूपराव म्हणाला. “माह्यंच चुकलं, बाई.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती गोळा छातीशी उचलून निघाली. नवरा जंगलू हात द्यायला पुढे झाला, त्यालाही तिने हात लावू दिला नाही. गाऱ्याच्या खड्ड्यापर्यंत गेली आणि गोळा हळूच पाण्यात सोडला.

वीस वर्षं ती इथेच माती भिजवत आली होती. वाळून दगड झालेलं ढेकूळ पाण्यात पडलं की बुडबुडे सोडत फुटतं, दुसऱ्या दिवशी पायाखाली लोण्यासारखं होतं. बिघडलेली कच्ची वीट भिजवायची, तुडवायची, पुन्हा थापायची. तिच्या हातून गेलेलं काहीही आजवर असंच परत आलं होतं.

रूपराव तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“पाय नाई भेटला तर नाई,” पाण्याकडे बघत ती म्हणाली. “तिच्या पायाखालची माती तं भेटन. भिजन ना हे, भाऊ?”

आगीतून गेलेली माती पुन्हा माती होत नाही, हे त्या भट्टीवर त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पाणी थंड होतं. एक बुडबुडाही वर आला नव्हता.

रूपराव तिच्या शेजारी टेकला.

“मोठं ढेकूळ हाये, बाई,” तो म्हणाला. “टाइम लागन.”