टोपडं घातलेला कॅमेरा

फोनवर दिसणारं पाळणाघर अचानक अंधारलं, तशी मैथिली हातातलं काम टाकून ऑफिसातून धावतच निघाली. पोचली तर काय, कॅमेऱ्याला कुणीतरी टोपडं घातलेलं!

"मावशी, हे काय? जीवच गेला ना माझा!"

"मीच घातलंय," पाळणाघरवाल्या मावशी उलट डाफरल्या. "तुमची ओवी सकाळपासून पाऊल टाकायला बघतेय. मीच मांडीवर धरून ठेवलीये कशीबशी. कॅमेऱ्यातून चौदा घरं बघतात. लेकीचं पहिलं पाऊल आईच्या आधी त्यांनी बघायचं होय?"

मैथिली कॅमेऱ्यावरच्या टोपड्याकडे बघतच राहिली.

"बघत काय राहिलात, ताई? चपला काढा, बसा समोर."

मावशींनी ओवीला उभं करून हात सोडला. ती डुलली, हसली आणि दीड पावलात आईच्या अंगावर कोसळली.