दुपारी संपणारी बॅटरी

“तुमच्यापेक्षा तो कोपऱ्यावरचा छत्रीवाला बरा!” काकूंनी कानाचं मशीन पुन्हा एकदा काउंटरवर ठेवलं. “म्हणे नवी बॅटरी! सकाळी यांना मुंगीची पावलंही ऐकू येतात. जेवणं झाली, की ठार बहिरे. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून नुसते ढिम्म. पातेलं पडलं तरी मान वळत नाही.”

शेजारी उभे असलेले काका छताचा पंखा न्याहाळत होते.

दुरुस्तीवाल्याचा चेहरा उतरला. त्याने दुरुस्त केलेली वस्तू सहसा परत येत नसे. “काकू, लिथियमची बॅटरी जात्याच इमानी असते. नवी बॅटरी अशी अर्ध्यात दगा देणार नाही.”

“आमच्याकडे देते ना! आज नीट झालं नाही, तर अख्ख्या गल्लीला सांगेन.” असं बजावून काकू समोरच्या दुकानात दोऱ्याचं रीळ आणायला गेल्या.

काकूंनी गल्लीला सांगायचं म्हणजे दवंडीच. दुकानाला कुलूप ठरलेलं.

त्याने मशीन उघडून बॅटरीला मीटर लावला. आता तर दिवेलागण झाली होती, तरी बॅटरीत धुगधुगी होती. म्हणजे ती दुपारी संपलीच नव्हती! दिवसभर सावकाश, शहाण्यासारखी उतरत आली होती.

त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने मशीन मिटून काकांच्या कानात बसवलं आणि तो वैतागून म्हणाला, “काका, तुम्हाला दिवसभर सगळं ऐकू येतं. हे बहिऱ्याचं सोंग कशाला? मीही संसारी माणूस आहे, कळतं मला. पण काकूंची कटकट चुकवायला माझा धंदा का बुडवता?”

काकांनी दचकून दाराकडे पाहिलं. “हळू बोला हो! तिला म्हणावं, बॅटरीच खराब आहे.”

“वा! आणि माझी अब्रू?”

“तेवढं सांभाळून घ्या.”

“का म्हणून? खरं कळलं तर काय होईल? काकू उपाशी ठेवतील?”

“छे, जेवायला घालेल की पोटभर,” काकांचा आवाज एकदम खाली आला. “पण मला ऐकू येत नाही असं वाटलं, तरच ती गाते हो.”