पक्की सेटिंग

"ऑफिस सुटायच्या आत होईल ना?" बाईने दाराला आतून कडी घालत विचारलं.

"होईल की." मेकॅनिक लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर दुरुस्त करत घरोघर फिरायचा. गिऱ्हाईक आरडाओरडा करतं, हे त्याच्या सवयीचं होतं. असं दबक्या आवाजात कुणी बोलत नसे.

तिने लॅपटॉप पुढे सरकवला. पासवर्ड टाकताना तिची बोटं दोनदा चुकली.

"घाबरू नका, ताई. अडचण काय आहे?"

"भावाने डीएनएसचा नंबर दिलाय. तो घातला की राहतो, पण मशीन बंद करून चालू केलं की गायब."

"राउटर दर वेळी आपलाच नंबर लिहितो. साइटचा पत्ता मशीन त्या नंबरला विचारतं. ज्याला विचारतं, त्याला तुम्ही कुठे कुठे जाता ते आपोआप कळतं."

"माहीत आहे." ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. "मागे भाड्याची खोली शोधलेली कळली, तर या घरात हात मोडेपर्यंत मार बसला."

तिच्या लांब बाह्यांकडे बघायचं मेकॅनिकने टाळलं. त्याची सख्खी बहीण अशाच घरातून वेळेवर निघू शकली नव्हती.

मग त्याने जीव ओतून काम केलं. राउटरचं ऐकायचं नाही, असं मशीनला बजावलं. वर नंबर लिहिलेल्या फाइललाच कुलूप घातलं. मशीन पुन्हा चालू केलं. भावाचा नंबर जागच्या जागी होता.

"बाहेर नेलं तरी राहील?"

"कुठेही न्या. दुसऱ्या गावी राहायला गेलात तरी हाच नंबर."

"आणि बघणाऱ्याला कळेल?"

"मुद्दाम खोदून शोधल्याशिवाय नाही." तो उठला. "भाऊ पाठीशी आहे, हे बरं झालं."

"दादाचं सगळीकडे लक्ष असतं."

"लवकर निघा, ताई," तो हळूच म्हणाला आणि जिना उतरला.

तिने लॅपटॉप फडक्याने पुसला. आतल्या खोलीतल्या कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली, होता तसा ठेवला. मग फोन लावला.

"दादा, नंबर पक्का बसला. वहिनी येईलच आता ऑफिसातून. आज तिला काही बोलू नकोस, शोधू दे खोली."