उजवीकडचा ठिपका

"मशीन काहीही म्हणो, पेशंटच्या उजव्या कानशिलाला माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवल्याशिवाय स्कॅन काढायचा नाही," असं आमचे जुने सर बजावायचे. ते निवृत्त झाले, तरी मी तो नेम मोडला नाही. चित्रात त्या कॅप्सूलचा पांढरा ठिपका उमटतो आणि उजवी बाजू कोणती ते कळतं.

कुमुदिनीताईंच्या मेंदूत डावीकडे गाठ होती. स्कॅनवरून नव्या सॉफ्टवेअरने काढलेल्या मेंदूच्या नकाशाने त्यांचं बोलण्याचं केंद्र उजवीकडे दाखवलं. "काहींचं असतं तिकडे. बरंच झालं, गाठ सगळी काढता येईल," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होतं. सव्वानऊला, जप आटोपून, मी दोन्ही चित्रं पुन्हा शेजारी लावली. साध्या स्कॅनमध्ये ठिपका उजवीकडे होता, नकाशात डावीकडे. सॉफ्टवेअरने नकाशाच उलटा केला होता. म्हणजे बोलण्याचं केंद्र डावीकडेच, गाठीला चिकटून होतं.

मी डॉक्टरांना फोन केला.

"एका ठिपक्यावरून सांगताय?"

"कॅप्सूल मी स्वतः लावली होती, डॉक्टर."

"थांबवतो ऑपरेशन," ते म्हणाले. " आता गाठ काढताना वाचा जाऊ शकते. दुपारी ठरवू."

काल स्कॅननंतर कुमुदिनीताईंनी माझा हात धरला होता. "बोलणं जाणार असेल तर आधी सांगाल ना, बाई? लेकीशी तीन वर्षं अबोला आहे. तो माझ्या तोंडाने सोडायचाय." मी हो म्हटलं होतं.

फोन ठेवला, पदर सावरला आणि जिना चढून त्यांच्या खोलीकडे निघाले.