दोन पावलं पुढे

टेलरकाकांचा उभा जन्म शिलाई मशीनवर बसून गेला, पण बायकोला मात्र त्यांनी वीस वर्षं रोज सकाळी हट्टाने फिरायला पिटाळलं. परवाच डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "सत्तरीतही काकूंचं हृदय, पाय, सगळं कसं ठणठणीत आहे! नियमित व्यायामाचा फायदा, दुसरं काय." काकूंची आठवण तेवढी दोन वर्षांपासून पुसट होत चालली होती, आणि त्यावर डॉक्टरांकडेही इलाज नव्हता.

आज काका कडी लावायला विसरले आणि काकू घराबाहेर पडल्या. एका हाताने गुडघा दाबत, धापा टाकत काका त्यांच्यामागे निघाले. "अगं, थांब! जरा थांब गं!" काकूंनी वळूनही पाहिलं नाही. झपझप चालत त्यांनी दोन चौक मागे टाकले. तिसऱ्या चौकात गाड्यांची रांग लागली म्हणून त्या थबकल्या, तेव्हा कुठे काकांच्या हाताला त्यांचं मनगट लागलं.



काकूंनी घाबरून हात झटकला. "सोडा हो आजोबा! मला उशीर झाला की आमचे हे घरी उपाशी बसून राहतात."