अंगावर राखाडी आहे तोवर

रस्त्याच्या मधोमध हंस बसला होता. क्लेमेंटने करकचून ब्रेक दाबला. रात्रभराच्या पावसाने डांबर चकाकत होतं. वरून नदी समजून तो उतरला असणार. आता उठता येत नव्हतं. उडायला त्याला पाण्यावर लांब धाव लागते.

मागे बीटाने भरलेला ट्रक थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"आजोबा, ते बदक हटवा की!"

"बदक नाही, सिग्नेट आहे," क्लेमेंटची बायको विनी गाडीतून उतरत म्हणाली. "हंसाचं पिल्लू."

"पिल्लू? मेंढीएवढं झालंय ते!"

"होऊ दे. अंगावर राखाडी पिसं आहेत तोवर सिग्नेटच म्हणायचं."

क्लेमेंटने आपला कोट त्याच्यावर टाकला, पंख दाबून धरत उचललं आणि गाडीत परत बसलेल्या विनीच्या मांडीवर दिलं. कोटाच्या आतून त्याची धडधड तिच्या हाताला लागत होती.

पुलाखाली हंसांची एक जोडी दर वर्षी घरटं करायची. हे त्यांचंच असणार. क्लेमेंटने पुलापाशी गाडी थांबवली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन त्याला सोडलं. पिल्लाने अंग झटकलं, बारीक शीळ घातली.

काठच्या लव्हाळ्यातून पिल्लाचा बाप निघाला. पंखांची कमान उभारून, पाणी कापत, सरळ अंगावर.

"अरे मूर्खा, तुझंच आहे ते!" क्लेमेंट ओरडला.

बापाने पिल्लाची मान चोचीत धरून पाण्याखाली दाबली. पलीकडे आई पाण्यात डोकं खुपसून गवत खात होती. तिने डोकं वर काढलं नाही. पिल्लू कसंबसं सुटलं आणि काठावर परतलेल्या क्लेमेंटच्या बुटांपाशी येऊन कोसळलं.

"हाकललंय त्याने," विनी म्हणाली. "नव्या अंड्यांची वेळ आली की हाकलतातच."

"मोठं झालंय ते. आता आपलं आपण बघावं त्याने."

क्लेमेंट बोलून गेला आणि त्याला आठवलं. हेच वाक्य, याच आवाजात, त्याने एकदा स्वयंपाकघरात म्हटलं होतं.

विनी नदीकडे बघत होती. "आपला नेव्हिल घर सोडून गेला तेव्हा केवढा होता रे?"

कित्येक वर्षांत घरात मुलाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"एकोणीस असेल."

"हं. म्हणजे सिग्नेटच."

क्लेमेंटने मान वळवली.

"तुला एकट्याला नाही बोलत मी," ती म्हणाली. "बॅग घेऊन तो दारात थांबला होता. माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घालून बटाटे सोलत राहिले."

वारा सुटला होता. क्लेमेंटने पुन्हा कोट पसरला, पिल्लाला गुंडाळलं. या खेपेला त्याने विनीला गाडी चालवायला सांगितलं आणि पिल्लू स्वतःच्या मांडीवर घेतलं.

वाळूच्या जुन्या खाणीत आता तळं झालं होतं. जोड्या न जमलेले हंस हिवाळाभर तिथे राहायचे. पांढरे, राखाडी, सगळेच. क्लेमेंटने काठावर कोट उघडला. पिल्लू क्षणभर तसंच बसून राहिलं, मग पाण्यात उतरलं आणि थव्यापासून थोडं दूर थांबलं.

"घेतील का गं हे त्याला?"

"घेतील," विनी म्हणाली. "परके घेतात."